नऊ सूत

तोंड मिटून बसला असता, तर मीरासाबला पिराजीआण्णांचा मोठा कॅमेरा दोन भिंगांसकट पडत्या भावात मिळणार होता. बोलला, तर पदरात बोलणीच पडणार होती.

कॅमेरा शाहूपुरीतल्या त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात, टेबलावर होता. पिराजीआण्णा स्टुलावर.

"चाळीस वर्सं उजेड डोळ्यानं मोजला," आण्णा म्हणाले. "आता डोळंच दगा द्याय लागलं. दिवाळीपास्नं स्टुडिओतलं समदं फोटो काळं. घे तू ह्ये. दर तूच सांग."

"आन् लग्नातलं?"

"लग्नात नवऱ्या गोऱ्यापान निघाल्या. त्याची तक्रार कोण आणतंय?"

मीरासाब हसला, आणि हसता हसता थांबला. स्टुडिओत नऊ इंची भिंग, लग्नात सहा इंची. एक काळं काढतं, एक गोरं. त्यानं नऊ इंची जवळ ओढलं, भोक लहानमोठं करणारा काटा आठाच्या खुणेवर नेला आणि समोर दिसणाऱ्या भोकावर सुताराची पट्टी धरली. आठ सुतांचा इंच; आठावर भिंग जेवढे इंच, तेवढे सूत भोक. हा हिशेब त्याला झोपेतही येत होता.

नऊ हवे होते. सहा भरले. दुसऱ्या भिंगावर सहा हवे होते, तिथं नऊ. लहान भोकातनं उजेड कमी, मोठ्यातनं जास्त.

दिवाळीआधी दोन्ही भिंगं एकाच ताटलीत खोलून पुसली होती. पुसणारा मीरासाबच.

"पर एवढ्यात विकाय का काढलासा?"

"गगनबावड्याची धोंडुबाई. नवऱ्याला घिऊन आलती. जल्मात एकच फोटो. न्यायला आली ती एकटीच, मोकळ्या कपाळानं." एस्टीची वेळ सांगावी तसं आण्णा सांगत होते. "फेटा आलता, सदरा आलता. तोंड न्हाय. पेन्सिल लावून तोंड काढाय गेलो, तर ते माझ्याच मनाचं निघालं. पुसून टाकलं."

मीरासाबनं पट्टी खाली ठेवली.

"आण्णा, डोळं तुमचं धड हायत. काट्याखालच्या आकड्यांच्या पट्ट्या ह्याच्या त्याला, त्याच्या ह्याला बसल्यात. मीच बसवल्यात."

आण्णांनी सुताराची पट्टी उचलून दोन्ही भोकं स्वतः मोजली.

"शिवी तरी द्या की."

"सवडीनं देतो. बसीव सरळ."

चार स्क्रू निघाले, चार बसले. मजुरी आण्णांनी विचारली नाही, मीरासाबनं सांगितली नाही. आण्णांना डोळे परत मिळाले. दुकानाचं नावही शाबूत राहिलं. आण्णा बाहेर सांगत फिरणाऱ्यातले नव्हते.

कॅमेरा खांद्यावर घेऊन ते पायरी उतरले.

"धोंडुबाईला सांगायचं?" मीरासाबनं मागून विचारलं.

"काय सांगतोस? फेटा त्यांचाच हाय म्हणाली, आन् फोटो घिऊन गेली. भिंतीला लावलाय. रोज फेट्याला हार घालती."