नऊ पानांचा आलेख

मुलीच्या आलेखात ठिपक्यांऐवजी पेन्सिलीने काढलेली नऊ इवलीशी पानं होती. रोप नऊ दिवसांत किती वाढलं ते म्हणे पानांनीच सांगायला हवं. तिच्या आईने, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी, खास तिच्यासाठी आज रजा काढली होती. तेवढ्यात पाचव्यांदा फोन वाजला. प्रयोगशाळेतली सहायक होती.

"मॅडम, इनक्युबेटर अर्धा अंश जास्त दाखवतोय. नमुने दुसऱ्यात हलवू का?"

बाईंचा पारा चढला. "अहो, अकरा वर्षं झाली तुम्हाला! एवढंसुद्धा मीच सांगायचं? एक दिवस घरी सुखाने बसू द्याल की नाही?"

"मागच्या वेळी माझी मी हलवले होते, मॅडम. तुम्ही दुसऱ्या दिवशी येऊन सगळे परत जागच्या जागी ठेवलेत."

शेजारी मुलगी रंगीत पेन्सिली डब्यात भरून उठली.

"अगं, कुठे निघालीस?"

"तूच कर आता. झालं की हाक मार, मी नाव टाकायला येते."

बाईंनी खाली पाहिलं. सहा पानं खोडली गेली होती आणि त्या जागी सहा नेटके ठिपके आले होते. खोडरबर त्यांच्याच हातात होता.

त्यांनी तो मुलीच्या डब्यात ठेवला. मग इतकी वर्षं ओठांवर येऊन परत फिरलेलं वाक्य फोनवर एकदाचं बोलून टाकलं, "आजपासून ते तुम्ही ठरवायचं. उद्या येऊन मी काहीही बदलणार नाही."