तुलनेचा हौद

मेडशीच्या हौदांवर मजुरीला असलेली चंपाबाई माशांच्या खाद्यात लसूण आणि कडुनिंबाचा पाला कालवते, हे पाहून मत्स्य अधिकारी सबनीसांनी नाक मुरडले.

"मासे काय बाळंतीण आहेत, बाई?"

अडाण्यांना आकडेच शहाणे करतात, या समजुतीने त्यांनी चाचणी लावली. एका हौदात पाल्यासह खाद्य, दुसऱ्यात नुसती सरकीची ढेप आणि कोंडा. तीन महिन्यांनी दोन्हींतले मासे सारखेच निरोगी, सारख्याच वजनाचे निघाले. "पाल्याने तिळमात्र फरक पडत नाही," असा अहवाल अकोल्याला धाडून सबनीसांनी त्याची नक्कल चंपाबाईला मुद्दाम वाचून दाखवली.

"फरक पडन कसा, साहेब? म्या पाला दोन्हीकडं अर्धा अर्धा टाकला. एकाले वाढाचं अन् दुसऱ्याले नाही, हे आमी लय भोगलं. मासोयाले कायले भोगाले लावू?"