सवतीचा टाक

"विहिरीवर जायले भेते. मी संग चालतो म्हटलं तरी पाय उचलत नाही," सासू ठणकावून म्हणाली. रुख्मा खाली मान घालून बसली होती. मनाच्या रोगांचे डॉक्टर म्हणून पांढरीपांडे सडक अर्जुनी या गावी आले, तेव्हापासून अशा सासवांनी त्यांचं डोकं उठवलं होतं.

रुख्माच्या गळ्यात त्यांना बाईची आकृती उठवलेला चांदीचा टाक दिसला. "हा कोणाचा?"

"माह्या पोराच्या, दुधरामच्या पहिल्या बायकोचा. विहिरीत पडून मेली ते. सवतीनं झपाटू नाही म्हणून दुसरीले गळ्यात घालाच लागते."

"मेलेल्या बाईला हिच्या गळ्यात बांधता, आणि वर विचारता ही भिते कशाला? निघा बाहेर!"

सासू पाय आपटत गेली. डॉक्टरांनी दार लोटलं आणि टाकाचा दोरा कापायला कात्री उचलली. तशी रुख्मानं त्यांचं मनगट गच्च धरलं.

"हिले हात नोका लावू, डाक्टरसायेब. त्या घरात माह्या बाजूनं हे एकटीच हाय." तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "सासूसंग विहिरीवर जाऊ नोको, हे हिनंच सांगतलं मले."