एका चावीत

मिस्त्रीने जीपच्या बॉनेटखाली दुसरी बॅटरी कसली आणि हात पुसत शिकवणी सुरू केली. "हे बघा साहेब, आता दिवे, रेडिओ, पंखा, सगळं या नव्या बॅटरीवर. रानावनात खुशाल रात्रभर लावून ठेवा. इंजिनाच्या बॅटरीला ती हातसुद्धा लावणार नाही. सकाळी एका चावीत गाडी सुरू!"

जीपजवळ उभ्या असलेल्या साहेबाने डोळे चोळले. "झकास. आता ती इंजिनाची बॅटरी काढून घेऊन जा."

मिस्त्री बघतच राहिला. "अहो, मग गाडी हलणार कशी?"

"हलायलाच नकोय. परवा बाबा गाडीने फाटक तोडून बाहेर पडले आणि परत यायचा रस्ताच विसरले. चावी लपवली, तर दिवसभर घर डोक्यावर घेतात. दिवे लागले, रेडिओ वाजला, की त्यांना गाडी चालू आहे असंच वाटतं. नवी बॅटरी मी घरातून चार्ज करत जाईन."

जुनी बॅटरी काढून मिस्त्री बॉनेट बंद करतोय, तोच बाबा बूट घालून आले, स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी चावी फिरवली. दिवे लागले. रेडिओ गाऊ लागला. आरशात मागचा रस्ता बघून त्यांनी गिअर टाकला.

"बस लवकर. अंधार पडायच्या आत घाट उतरायचाय."

मुलगा शेजारच्या सीटवर जाऊन बसला. बाबांनी त्याच्याकडे एकदा निरखून पाहिलं.

"किती दमलायस रे. झोप जरा. पोचलो की उठवतो."