विरजणाचा रुमाल

लग्न होऊन मी बल्गेरियाच्या राजधानीतून, सोफियाहून, सासरच्या गावी आले, तेव्हा माझ्या बॅगेत दह्याच्या विरजणाच्या पुड्या होत्या. सासूबाईंनी एक पुडी चिमटीत धरली, हुंगली आणि म्हणाल्या, "नेवेना, ही दही लावायची पावडर आहे की ढेकूण मारायची?"

मग कपाटातून त्यांनी आपल्या आईचा रुमाल काढून दाखवला. दह्यात भिजवून वाळवलेला, पापडासारखा कडक. दरवर्षी वसंतात, गेर्गोवदेनच्या सणाला, तो कोमट दुधात बुडवून नवं दही लावायचं आणि पुन्हा वाळवून ठेवायचा. "सत्तर वर्षं जिवंत आहे हे विरजण. तुझ्या पुडीची मुदत कधी संपते, वाच बघू जरा."

यंदा सणाला दही असं घट्ट लागलं की मडक्यात चमचा उभा राहिला. शेजारणी बोटं चाटत बसल्या. सासूबाईंना चेव आला. कात्री मागवून त्यांनी रुमालाचे तुकडे केले आणि सात घरी वाटले.

"घ्या गं, उद्याच लावा! आणि तूही बघून ठेव, शहरवाले, दही कशाला म्हणतात ते."

मी बघून ठेवलं.



तो रुमाल मी महिन्यापूर्वी चुकून चादरींबरोबर साबणाच्या पाण्यात उकळला होता, घाबरून खळ घालून पुन्हा कडक केला होता, आणि सणाला तो दुधातून बाहेर काढल्यावर त्या दुधात गुपचूप माझी पुडी सोडली होती. उद्या सातही घरी दूध तसंच्या तसं राहील, आणि सासूबाई नाक उडवून म्हणतील, "त्याला हातगुण लागतो!"