तीन तुकड्यांचा फोटो

“एवढं रुंद चित्र तुमच्या कॅमेऱ्यात मावतच नाही.” साहेबांनी फोटो टेबलावरून पुढे सरकवला. “आमच्या माणसाने मोजून सांगितलंय. हे जोडकाम आहे.”

धाकट्याने फोटो जवळ ओढला. या एका फोटोच्या भरवशावर तर तो चार दिवस कोठडीत तग धरून होता. डाव्या खुर्चीत तो, मधल्या खुर्चीत आई, उजव्या खुर्चीत ताई. तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या गॅरेजात, ताईचे यजमान गेले ते बरोबर बारा वीसला. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलता बोलता दाजींच्या डोक्यात कुणीतरी पाना घातला, आणि त्या गिऱ्हाइकाने बिचाऱ्याने धप्प आवाज ऐकला. त्याच दिवशी संध्याकाळी ताईने हा फोटो पोलिसांपुढे ठेवला होता. “बारा वीसला आम्ही तिघं घरच्या स्टुडिओत होतो. माझ्या भावाला उगाच गोवू नका.”

गोवायला कारण मात्र पक्कं होतं. आठच दिवसांपूर्वी धाकट्याने भररस्त्यात, दहा माणसांदेखत दाजींची कॉलर धरली होती. “ताईवर परत हात उचललास तर तोच तोडून तुझ्या हातात देईन!” तोंडाला लगाम म्हणून नाही, दुसरं काय.

“बोला की,” साहेब म्हणाले. “परवा तर मोठ्या तोऱ्यात दाखवत होतात.”

“जोडकाम आहे साहेब, पण लबाडी नाही.” धाकट्याने कपाळ पुसलं. “वडिलांचा मोठ्या फिल्मचा जुना कॅमेरा होता. बॉडी गेली कामातून, लेन्स मात्र अजून लखलखीत आहे. ती आम्ही डिजिटल बॉडीवर चढवतो. पण तिचं चित्र पडतं मोठ्या फिल्मएवढं, आणि आमचा सेन्सर पडला लहान. मधलं तेवढं घेतो, बाकी सगळं वाया. म्हणून ताईने सरकती रिंग करून घेतली. लेन्स स्टँडवर जागच्या जागी राहते, मागची बॉडी फक्त सरकवायची. डावा तुकडा, मधला, उजवा. मग कॉम्प्युटरवर जोडायचे.”

“म्हणजे तिघं एकदम बसलाच नव्हता.”

“अहो, आईला कुठे बसवतं इतका वेळ? तिला तर आता आमची नावंही आठवत नाहीत. म्हणून घरचा खाक्याच पडलाय तसा. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने टायमर लावून आपला तुकडा काढायचा. दिवे तेच, पडदा तोच, फरक कळत नाही. त्या दिवशी ताईचं डोकं दुखत होतं, ती वरच्या खोलीत दार लावून पडली होती. माझा आणि आईचा मी काढला. तिने मागाहून खाली येऊन स्वतःचा काढला.”

“आणि तुम्ही तुमचा सकाळी दहालाच काढून गॅरेज गाठलं नाही कशावरून?”

जोडलेल्या फाइलवर वेळ होती ती जोडल्याची. सुटे तुकडे मिळाले तरच खरं-खोटं होणार होतं.

दुपारी ताई डबा घेऊन आली. डोळे सुजलेले, मनगटावर दाजींच्या बोटांचे वळ अजून पिवळट दिसत होते. ते बघून धाकट्याला दाजींचं काडीचंही दुःख झालं नाही.

“तुकडे हवेत ताई. नाहीतर मी मेलो.”

“पुसले रे,” ताईने पदराने डोळे टिपले. “जोडून झाले की मी पुसतेच, ठाऊक आहे ना तुला? माझं मेलीचं डोकंच चाललं नाही.”

“बरं, रडू नकोस. आईने खाल्लं का?”

“खाल्लं. तुला विचारत होती.”

ते खोटं होतं हे दोघांनाही माहीत होतं. तरी धाकट्याला बरं वाटलं. ताई गजातून त्याचा हात बराच वेळ धरून उभी राहिली. मग शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं.

ती गेली आणि डब्यातला तिसरा घास तोंडात घालता घालता धाकट्याने कपाळावर हात मारला. अरे गाढवा! दुसरं कार्ड! बॉडीत दोन कार्डांची सोय होती. मागच्या महिन्यात एका लग्नाचे सगळे फोटो उडाले, तेव्हापासून त्याने दुसऱ्या खाचेत एक कार्ड घालून ठेवलं होतं. प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरायचा. एकावरचा पुसला तरी दुसऱ्यावरचा शाबूत. कामाच्या गडबडीत ताईला सांगायचंच राहून गेलं होतं.

“साहेब!” त्याने असा काही आवाज दिला की शिपाई धावत आला. “कॅमेरा घरी स्टँडवरच आहे. आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी छापलेले तुकडे टेबलावर मांडले. प्रत्येकाच्या मागे वेळ लिहिली होती.

“कॅमेऱ्याचं घड्याळ तपासलं, बरोबर आहे. तुमचा तुकडा बारा अठराचा. आईंचा बारा बावीसचा, आणि त्यांना सावरणारा हात तुमचाच दिसतोय. तुमच्या घरापासून गॅरेज अर्ध्या तासावर. तुम्ही सुटलात.”

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस आवरून धरलेलं रडू एकदम फुटलं, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

“ताईला फोन करू, साहेब? बिचारीच्या घशाखाली अन्न उतरत नसेल.”

साहेबांनी फोन पुढे केला नाही.

“उजवा तुकडा त्यांनी दोनदा काढलाय,” ते म्हणाले. “जोडलाय तो दुसरा. हा पहिला, एक वाजून पाच मिनिटांचा. त्यांनी तो पुसला होता.”

धाकट्याने फोटो हातात घेतला. उजव्या खुर्चीत ताई ताठ बसून लेन्सकडे बघून हसत होती, आणि तिच्या पांढऱ्या ब्लाउजची बाही कोपरापर्यंत रक्ताने माखलेली होती.