गाढीपार भिरकावलेले कुत्रे

“सांगून कुनाला पटायचं नाय,” म्हणत आनंदाआबांनी मिशीवरून हात फिरवला, तसा सुकापूरच्या बागेतला सगळा कट्टा सरसावून बसला. परवा याच बागेत पाच कुत्रे नातीवर चालून आले. आबांनी एकेकाची शेपटी धरली, गरगरा फिरवली आणि पाचही कुत्रे गाढी नदीच्या पल्याड भिरकावले. शेवटच्याला तर आधी मुस्काटात लगावली! कट्टा खो खो हसला. आबांची छाती फुगली. त्यांना स्वतःलाही आता ते असंच घडल्यासारखं वाटू लागलं होतं.

नातीला घेऊन कट्ट्यामागे उभी असलेली आबांची सून मात्र हसली नाही. नात पुन्हा आबांच्या हाती द्यायची की नाही, ते तिलाच ठरवायचं होतं. तिनं लेकीला विचारलं, “पूर्वी, खरं का गं?”

पूर्वीच्या गालावर अकरा टाके होते. ती हळूहळू बोलली.

“नाय. आबा रोज कुत्र्यांना मासळीच्या मुंड्या घालतात. परवा कुत्रे आबांच्याच अंगावर आले. मग आबांनी मुंड्यांची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली, आनि बाहेर जाऊन फाटक लावून घेतलं.”